मृत समुद्र आटतोय तो उन्हानं की कालव्यांनी?

रंकाळाकाठ: "मृत समुद्र, इराणचं उर्मिया, लोणार, सगळी खारी सरोवरं तापमानवाढीनंच आटतात, स्थानिक कारणं म्हणजे पळवाट." ही पोस्ट सकाळपासून कोल्हापूरच्या गटांत फिरतेय. मृत समुद्र वर्षाला १ मीटरहून जास्त उतरतो. जॉर्डन आणि यार्मूक नद्यांचं पाणी वरच्या अंगालाच वळवलं जातं, दक्षिणेला पोटॅश खतासाठी वाफ्यांत मुद्दाम वाळवलं जातं. आवकच तोडली, मग उन्हाला बोल का लावता?

गंगावेस: आवकेचं ठीक. पण हवा १ अंश तापली की तिची बाष्प धरायची ताकद सुमारे ७ टक्के वाढते. ते सोयीनं गाळलंत.

रंकाळाकाठ: म्हणून बाष्पीभवन ७ टक्के वाढत नाही! चौरस मीटरवरचं १ मिमी पाणी उडवायला सुमारे २.४५ मेगाज्यूल उष्णता लागते, ती येणार कुठून? शिवाय पाणी आटेल तसं मीठ वाढतं, बाष्पदाब, म्हणजे पाण्याचा वाफ होऊन उडायचा जोर, उतरतो. साध्या मिठाच्या संपृक्त द्रावणावर तो गोड्या पाण्याच्या पाऊणपटच राहतो.

मिरजकर तिकटी: वाऱ्याचं कुणीच बोलेना. भूमध्य समुद्राकडचा वारा दुपारनंतर जेरुसलेमच्या डोंगरावरून हजार मीटरहून जास्त खाली उतरतो, दर १०० मीटरला सुमारे १ अंश तापत. पूर्वी सरोवराचा स्वतःचा वारा त्याला अडवायचा, पात्र आक्रसलं तसा सरोवराचा वारा दुबळा झाला, आणि डोंगरावरून उतरलेला तापलेला वारा जास्त पाणी उडवतो. गगनबावड्याचा पाऊस कोल्हापुरापर्यंत का विरतो हे जाणणाऱ्यांना डोंगर उतरून कोरडी होणारी हवा समजवावी लागू नये.

गंगावेस: हे सगळं मोजता कशानं? पॅननंच ना, त्या उघड्या पसरट भांड्यानं?

शाहूपुरी: तिथंच चुकतं. पॅन १२२ सेंमी व्यासाचा, २५.५ सेंमी खोल, पांढरा रंगवलेला, लाकडी चौकटीवर, वर जाळी. सकाळी ८.३० ला आतल्या नळकांड्यातल्या टोकदार खुणेपर्यंत मोजपात्रानं पाणी भरायचं. घातलेलं पाणी अधिक पाऊस म्हणजे बाष्पीभवन. चौकट कलली की वाचन बिघडलं. जाळी नसली तर पक्षी पाणी पितात आणि ते बाष्पीभवनात धरलं जातं. पॅनच्या कडा तापून पाणी जास्त उडतं म्हणून साधारण ०.७ ते ०.८ नं गुणतात, पण तो गुणक गोड्या तलावाचा. खाऱ्याला तोच लावला की आकडा फुगतो.

गंगावेस: म्हणजे पॅन टाकून द्यायचा?

शाहूपुरी: असं कुठं म्हटलं? खारटपणाची दुरुस्ती करा, मग वापरा.

रंकाळाकाठ: शिवाय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हवा तापत असतानाही भारतातल्या पॅनचे आकडे घटले. वारा मंदावला, ऊन धुरकटलं. नुसत्या तापमानानं उत्तर निघत नाही.

गंगावेस: बरं, मृत समुद्राचं तुमचं खरं. पण उर्मियाला नद्यांवरच्या धरणांइतकंच कोरडं, तापलेलं हवामानही भोवलं. तिथं कालव्यांकडे बोट दाखवून सुटता येणार नाही.