अमेरिकेतला कंपनीचा लॉक फोन जिओवर चालेल का?

गिरगावकर: नवा फोन इकडे महाग. न्यू जर्सीहून मामेभाऊ येतोय. तिथल्या मोबाईल कंपनीकडून आयफोन १५ निम्म्या भावात मिळतोय म्हणे. घ्यावा का?

पार्ल्याचा_पक्या: निम्मा भाव म्हणजे करार. सवलत २४-३६ महिन्यांच्या बिलांतून थोडी थोडी मिळते. कनेक्शन मध्येच सोडलं की उरलेली सवलत गेली आणि बाकी रक्कम मामेभावाच्या डोक्यावर. पैसे फिटेपर्यंत सहसा लॉकही निघत नाही, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही. सेटिंग्ज, जनरल, अबाउटमध्ये 'कॅरिअर लॉक'समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' दिसलं तरच हात लावा.

आणि लॉक चुकवायचा मुंबईच्या मनीष मार्केटमधला आर-सिमचा जुगाड विसरा. ती पातळ चिप सिमला चिकटवून ट्रेमध्ये सरकवतात. अमेरिकन आयफोनला १४ पासून ट्रेच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनमध्येच असलेलं डिजिटल सिम. लॉक नसेल तर जिओचं ई-सिम मजेत चालतं.

सर्किट_दादर: किमतींची तुलना नीट करा राव. तिथल्या किमतीत कर नसतो, न्यू जर्सीत वर ६.६२५ टक्के. इथल्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो.

अँड्रॉइड असेल तर जास्त जपून. जिओला टूजी-थ्रीजी नाहीच, त्यामुळे व्होल्टी (फोरजीवरून कॉल करायची सोय) चालू झालं नाही तर नेट पळतं पण साधा कॉल लागत नाही. फाइव्हजीसाठी एन२८ आणि एन७८ हे बँड (लहरींचे पट्टे) फोनमध्ये आहेत का बघा. सेकंडहँड घेताना *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) काढा, 'केवायएम', मग मोकळी जागा, मग तो नंबर असं इंग्रजीत १४४२२ ला एसएमएस करा. ब्लॅकलिस्टेड आलं की परत द्या.

गिरगावकर: मग अनलॉक्डच सांगतो.