मदत हवी आहे: सासूबाईंचं जेवण तुटलंय आणि सुट्टीतही त्या खोलीबाहेर येत नाहीत

सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. रक्तदाब आणि मधुमेह, दोन्हींच्या गोळ्या चालू. सहा महिन्यांत वजन ५२ वरून ४८ किलोवर आलंय. वाढलेलं अर्धं ताट तसंच परत येतं. भाजी चमच्याने कडेला सारत राहतात, घोटभर पाणी पितात आणि "झालं माझं" म्हणून उठतात. चहात बुडवलेली बिस्किटं मात्र दिवसभर चालतात.

खरं सांगते, पथ्य मीच कडक केलं. मीठ जवळजवळ बंद, तेल नावाला, गोडाचं तर नावच नको. साखर आटोक्यात आली तेव्हा स्वतःचं कौतुकही वाटलं होतं.

आता मुलांना सुट्टी आहे, आम्ही दोघंही पंधरा दिवस घरी आहोत. मी हौसेने रंगवायची पुस्तकं आणि कोडी आणली, तर "मी काय बालवाडीत आहे का?" हे ऐकून घ्यावं लागलं. चूक माझीच. पण मग त्यांना रमवायचं कशात, आणि खायला काय द्यायचं?

— दुपारचाचहा

आधी डॉक्टर, मग पाककृती. ५२ चे पाच टक्के म्हणजे २.६ किलो. सहा महिन्यांत, प्रयत्न न करता तेवढं जरी घटलं तरी तपासून घ्यायचं असतं. तुमच्याकडे तर चार किलो गेलेत. जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने काहींची भूक मरते, आणि ती वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. साखरेच्या काही गोळ्यांवर जेवण अर्धवट राहिलं तर साखर एकदम खाली येते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वागणं दिसलं तर लगेच साखर तपासा.

— गोळ्यांचीपिशवी

पथ्याबद्दल थोडं कडू बोलतो. वय वाढलं की वास आणि चव मंदावते, त्यात तुम्ही मीठही काढून घेतलंत, मग घास गोड कसा लागणार? जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे साधारण चहाचा सपाट चमचाभर. शून्य नव्हे. लिंबू, मिरपूड, आलं, लसूण हात सैल सोडून वापरा. फक्त कमी सोडियमचं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडं अशक्त असतील किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते अंगाशी येतं.

दुसरं, प्रथिनं. या वयात वजनाच्या दर किलोला १ ते १.२ ग्रॅम धरतात (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा हिशेब लागू नाही). म्हणजे ४८ ते ५८ ग्रॅम. एका अंड्यात सहा, कपभर दुधात आठ. बिस्किटांवर ही बेरीज जमणार नाही. आणि त्या सकाळी जास्त खात असतील तर मोठं जेवण सकाळीच द्या. घड्याळ त्यांचं चालू दे.

— चवीपुरतं

रमवायचं म्हणता, तिथेच अडतंय. त्यांना काम द्या. आमच्या आईला मटार सोलायला दिले तेव्हा ती तासभर हलली नाही. नातवाला दाणे मोजायला लावून दोन वेळा त्याची चूकही पकडली. घरात चौघं एकदम बोलत असतील तर ऐकू न आल्यामुळेही म्हातारी माणसं खोली गाठतात. टीव्ही बंद करा, एकेका नातवंडाला एकटं पाठवा.

तोल सांभाळण्याचा व्यायामही सुटू देऊ नका, आठवड्यात तीन दिवस तरी. ओटा धरून टाचा उचलणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं. जवळ कुणीतरी हवंच.

एक विचारते, कवळी आहे का त्यांना? वजन उतरलं की ती सैल होते.

— मटारवाली

सगळ्यांचे आभार. कवळीचं वाचून काल जेवताना नीट पाहिलं. पहिल्या दोन घासांनंतर त्यांनी तोंड पुसल्यासारखं केलं आणि कवळी रुमालात गुंडाळून मांडीवर ठेवली. सहा महिने आम्ही शेजारी बसून जेवतोय! विचारलं तर म्हणाल्या, "टोचते. पण नवीन म्हणजे पुन्हा खर्च." बिस्किटं का चालतात तेही कळलं.

दातांच्या डॉक्टरांकडे परवा जायचंय, दुसऱ्या डॉक्टरांची वेळ सोमवारची. आज सासूबाईंनी धाकटीबरोबर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या. माझ्या घड्या परत मोडून घातल्या, ते वेगळं. कवळी नीट होईपर्यंत काय देऊ?

— दुपारचाचहा

मऊ शिजवलेलं अंडं कुस्करून, दाट डाळ, दही, पिकलेलं फळ. सगळं एकत्र मिक्सरमधून फिरवू नका, एकेक चव वेगळी लागली पाहिजे. आणि पाणी पिताना ठसका लागतो का, तेही डॉक्टरांना सांगा.

— चवीपुरतं