जुन्या पीसीतले गेम नव्या पीसीवर न्यायचेत, परत डाउनलोड न करता जमतंय काय?

शहापूरकर:
मंडळी, बेळगावात शहापूरला राहतो. घरचा विंडोज ७ चा पीसी काढून आता ११ वाला घेतलाय. जुन्यात स्टीमवर विचर ३ आणि ओरिजिनवर फिफा १७ आहे (स्टीम, ओरिजिन म्हणजे गेम घेऊन चालवायची अ‍ॅप), पण आता तिथं दोन्ही उघडेनात. परत ओढायचं म्हटलं तर ८०-९० जीबी होतंय, आणि इथं पावसात लाईट गेली की वायफाय पण जातंय, आठवडा जाईल त्यात. आणि फिफातलं करिअर मी नि दादानं मिळून खेळलंय, आठ सीझन झालेत, दादा आता पुण्याला नोकरीला आहे, ते गेलं तर लई वाईट वाटेल रे. काय करू?

खानापूर रोड:
गेम राहू दे, आधी सेव्ह, म्हणजे आपण कुठवर खेळलोय त्याच्या फाइली, काढून घे भावा. गेम अकाउंटवर असतात, पीसी जळाला तरी परत मिळतात, सेव्हचं तसं नाही. डॉक्युमेंट्समध्ये फिफा १७ चं फोल्डर असेल, त्यात सेटिंग्ज, ते अख्खं उचल. विचरचे पण डॉक्युमेंट्समध्येच, गेमसेव्ह्ज म्हणून. दोन ठिकाणी ठेव. मी एकदा विंडोज मारताना डॉक्युमेंट्स घ्यायचं विसरलो, दोन वर्षांचं खेळलेलं गेलं, अजून आठवतंय.

निपाणीवाला:
१ जानेवारी २०२४ पासून स्टीमनं विंडोज ७ चा सपोर्ट काढलाय, पण कॉपी मारायला स्टीम उघडायलाच लागत नाही की. स्टीमअ‍ॅप्स फोल्डरमध्ये कॉमन, त्यातलं विचरचं फोल्डर घे, नव्यात स्टीम टाकून त्याच जागी ठेव आणि मग इन्स्टॉल दाब, तिथल्या फाइली तपासून कमी पडेल तेवढंच ओढतंय. ज्यावर कॉपी नेणार ती हार्डडिस्क फॅट३२ या जुन्या फॉरमॅटची असली तर ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही, एक्सफॅट कर, पण फॉरमॅटनं आतलं सगळं पुसतंय हे ध्यानात ठेव. ओरिजिन एप्रिल २०२५ मध्ये बंद झालं, आता त्याच्या जागी त्याच कंपनीचं ईए अ‍ॅप. त्याच मेलनं लॉगिन केलंस की लायब्ररी दिसेल.

खानापूर रोड:
तो मेल चालू आहे काय ते आजच बघ, लॉगिनचा कोड तिथंच येतोय. आणि विंडोज ११ मध्ये कधीकधी डॉक्युमेंट्स वनड्राइव्हमध्ये (मायक्रोसॉफ्टचं ऑनलाइन स्टोरेज) गेलेलं असतंय, म्हणजे दोन डॉक्युमेंट्स दिसतात. गेम एकदा उघडून बंद कर, त्यानं नवीन फोल्डर कुठं केलंय ते बघ आणि तिथंच सेव्ह टाक.

शहापूरकर:
झालं! डॉक्युमेंट्स वनड्राइव्हमध्येच होतं, तुम्ही सांगितलं नसतं तर मी चुकीच्या जागी टाकून बसलो असतो. विचरला थोडंच ओढायला लागलं. फिफा मात्र अख्खा उतरवला, रात्रभर लावून, लाईट गेली नाही नशिबानं. करिअर उघडलंय, दादाला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तो गणपतीला येणार आहे तोवर नववा सीझन सुरू करू नको म्हणालाय.