प्रतिसाद: खाण आली म्हणजे विकास आला असं नाही

वर एकांनी लिहिलंय की गडचिरोलीत गुंतवणूक आली की विकास आपोआप येईल, मला नाही पटत. शेजारचं चंद्रपूर बघा ना, कोळसा खाणी आहेत, २९२० मेगावॅटचं वीज केंद्र आहे, वीज सगळ्या राज्याला जाते आणि धूळ तिथल्या लोकांच्या वाट्याला. गुंतवणूक हवीच हो, गडचिरोलीतल्या सुरजागडच्या लोहखनिजाचं पोलाद जिल्ह्यातच बनलं तर उत्तमच, पण नुसते ट्रक भरभरून बाहेर गेले तर खाण ज्या तालुक्यात आहे त्या एटापल्लीच्या पोरांच्या हाती काय लागणार? २०१५ च्या खाण कायदा दुरुस्तीपासून जुन्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या (खनिजासाठी सरकारला द्यायच्या रकमेच्या) ३० टक्के आणि लिलावातून दिलेल्या खाणपट्ट्यांना १० टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला, म्हणजे खाणबाधितांसाठीच्या जिल्ह्याच्या निधीला, द्यावी लागते, तो पैसा आधी बाधित गावांचं पाणी, दवाखाने, शाळा यांवरच लागला पाहिजे. आणि वडसा-गडचिरोली रेल्वे लवकर होऊ दे बाबा, तिची वाट बघण्यात किती वर्षं गेली.