लॅपटॉपच्या सिरीयल नंबरमधला चौथा अंक बघा
दादा, तुम्ही लिहिलंय की नांदेडात सेकंडहँड एचपी लॅपटॉप बघायलोय, दुकानदार २०२१ चा म्हणायलाय अन् सिरीयल नंबर ५सीजी८२३ नी सुरू होतंय. मग २०२१ चा नाहीच तो, एचपीच्या १० अक्षरी सिरीयलमधी चौथ्या जागेवरचा अंक (इथं ८) म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा अन् पुढचे दोन आठवड्याचे, म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा, जूनच्या सुरुवातीचा माल. तसं ८ म्हणजे २००८ पण होतं, पण प्रोसेसर बघितला की लगेच कळतंय. डेलचं असं नाही, त्यांचा ७ अक्षरी सर्व्हिस टॅग (त्यांचा सिरीयल नंबरच) कंपनीच्या साईटवर टाकूनच बघावा लागतो. अन् नुसत्या स्टिकरवर जाऊ नका, खालची बॉडी बदललेली असू शकते, बायोस (लॅपटॉप चालू होतानाच उघडता येणारी सेटिंग) उघडून तिथला नंबर स्टिकरशी जुळवा. माझ्या भावानी जुळवला नव्हता, लई पैसे गेले त्याचे.