दोन एकर जागा, खडीचा रस्ता आणि उतार: छोटा ट्रॅक्टर किती एचपीचा घ्यावा?

ओसरीवरची

नमस्कार मंडळी, जरा गोंधळ झालाय म्हणून विचारतेय. घराभोवती साधारण दोन एकर जागा आहे, त्यातलं एक-सव्वा एकर नुसतं गवत, बाकी झाडं, थोडा भाजीपाला, आणि गेटपासून घरापर्यंत खडीचा रस्ता जो प्रत्येक मोठ्या पावसात वाहून जातो आणि मग मी फावडं घेऊन उभी. आजपर्यंत ब्रश कटर आणि घमेलं यावर भागवलं, आता खांदा नाही म्हणतोय. तर छोटा ट्रॅक्टर घ्यायचा विचार आहे, गवत मारायला, रस्त्यावरची खडी ओढून सपाट करायला, माती-खत इकडून तिकडे न्यायला. आधी कधी ट्रॅक्टर चालवलेला नाही, गाडी चालवते.

एक जण म्हणतो १८ एचपी पुष्कळ झाला, दुसरा म्हणतो ३५ च्या खाली बघूच नकोस. गिअरवाला घ्यावा की हायड्रोस्टॅटिक (क्लच-गिअरऐवजी पायाच्या पेडलने पुढे-मागे चालणारा) तेही कळत नाही. पुढे लोडर, म्हणजे माती-खडी उचलायची बकेट, लागतोच का? मागच्या बाजूला जागेला उतार आहे, फार नाही, पण पावसात चालताना पाय घसरतो एवढा आहे. कुणी वापरत असेल तर अनुभव सांगा प्लीज.

जुनं_स्टिअरिंग

ताई, एचपी राहू दे बाजूला, आधी टेप घेऊन बाहेर जा. गेट किती रुंद, दोन झाडांमधली सगळ्यात अरुंद जागा किती, आणि रात्री ट्रॅक्टर उभा करायचा त्या शेडचं दार किती उंच. ही तीन मापं घेतली की निम्मे ट्रॅक्टर यादीतून आपोआप जातात. उंची मोजताना सीटमागची लोखंडी कमान धरून मोज, तिला रोप्स म्हणतात. ती दुमडता येते पण रोज दुमडायला लागली की माणूस ती दुमडलेलीच ठेवतो आणि ते वाईट. ट्रॅक्टर उलटला तर तीच वाचवते, आणि ती उभी असेल तर बेल्ट लावायचाच, म्हणजे तू कमानीच्या आत राहतेस. दुमडलेली असताना मात्र बेल्ट लावायचा नाही.

आता एचपी. जाहिरातीतला आकडा इंजिनचा असतो, मागचं अवजार चालतं ते पीटीओवर (अवजाराला ताकद देणारा मागचा फिरता दांडा) आणि तिथे आकडा कमी असतो, तो विचारून घे. स्लॅशरला (मागे लावायचं गवत कापायचं अवजार) ढोबळ हिशोब फुटाला ५ एचपी पीटीओवर, म्हणजे चार फुटी स्लॅशरला २० च्या आसपास. उंच, ओलं, जाड गवत असेल तर थोडी जादा ताकद ठेव. चार फुटी पातं ताशी ४ किमीने चालवलंस तर कागदावर एकर पन्नास मिनिटांत होतो, पण वळणं, झाडांभोवतीचे फेरे, थोडं एकावर एक जाणं धरून सव्वा तास धर. तुझ्या गवताला दीड-दोन तास. त्यासाठी ३५ कशाला पाहिजे? मी तरी २२ ते २५ मध्ये बघितलं असतं.

पण एचपीपेक्षा वजन बघ हे माझं ठाम मत आहे. सारख्याच एचपीचे दोन ट्रॅक्टर असतात आणि एक दुसऱ्यापेक्षा दोन-तीनशे किलोने जड निघतो. ओढायला आणि लोडर उचलायला वजन कामाला येतं, आणि ओल्या गवतावर तेच वजन चाकांच्या चाकोऱ्या पाडतं.

अवजार ट्रॅक्टरला जोडायची पिन पण बघून घे. या साइजला बहुतेक कॅटेगरी १ असते, खालच्या दोन पिना २२ मिमी आणि टॉप लिंकची (वरच्या मधल्या दांड्याची) १९. अगदी बारक्या ट्रॅक्टरला कॅटेगरी ० असते, तिथे सगळ्या १६ मिमी, आणि मग जुनी-पुरानी अवजारं कुणाकडून आणली तरी बसत नाहीत.

ग्रीसचे_हात

लोडर पाहिजेच, खडी आणि खत दोन्ही आहे म्हटल्यावर. पण लोडरबद्दल एक गोष्ट सांगतो, माझ्यावर बेतलेली.

पहिल्या वर्षीची गोष्ट. बकेट ओल्या मातीने भरली, मागे काही लावलेलं नव्हतं कारण "एवढंसं तर न्यायचंय", आणि उतारावरून तोंड खाली करून निघालो. अर्ध्यात ब्रेक दाबला तर काहीच नाही. ब्रेक फेल वगैरे नव्हता, ब्रेक मागच्या चाकांना असतो आणि मागची चाकं जमिनीवर नावालाच टेकलेली होती. मागे वळून बघितलं तर चाकं जाम आणि ट्रॅक्टर गवतावरून साबण सरकावा तसा सरकतोय. हाताला सवय होती म्हणून बकेट खाली जमिनीत टेकवली आणि थांबलो. नंतर पाच मिनिटं सीटवरून उठलोच नाही.

हिशोब साधा आहे, पाव घनमीटर ओली माती म्हणजे चारशे किलोच्या आसपास, आणि ती पुढच्या चाकांच्याही पुढे लटकलेली. म्हणून लोडर चालवताना मागे वजन पाहिजेच. स्लॅशर लावलेला असला तरी चालतो, नाहीतर काँक्रीट भरलेली पेटी थ्री पॉइंटला, म्हणजे मागे अवजार जोडायच्या तीन जागांना, लाव. मागच्या चाकांत पाणी भरून घेतात तेही चांगलं, साधारण ७५ टक्के भरतात. भरलेली बकेट नेताना गुडघ्याच्या वर आणायचीच नाही. उतारावर फोर व्हील आधीच टाकून ठेवायचा म्हणजे पुढची चाकंही धरतात, आणि जड बाजू नेहमी चढाकडे, म्हणजे भरलेली बकेट घेऊन खाली यायचं असेल तर रिव्हर्समध्ये ये. विचित्र वाटतं सुरुवातीला, पण सवय होते.

कॅटलॉगमधला "एवढे किलो उचलतो" हा आकडा पण नीट वाच, बऱ्याचदा तो बकेटच्या पिनांपाशी मोजलेला असतो. माल पिनांच्या पुढे असतो, त्यामुळे प्रत्यक्षात कमी उचलतो.

पाटावाला

वर सगळं बरोबर आहे फक्त फोर व्हीलवर एक पुस्ती. काँक्रीट किंवा डांबरावर फोर व्हील चालू ठेवायचा नाही. पुढची आणि मागची चाकं तंतोतंत एका वेगाने फिरत नाहीत, मातीत ती थोडी घसरून जमवून घेतात, कडक रस्त्यावर जमत नाही आणि सगळा पीळ गिअरवर येतो. वळताना टायर कुरकुरायला लागले की समजायचं.

माळावरचा_मेकॅनिक

गिअर की हायड्रो? तुमचं काम बघता हायड्रो घ्या असं सांगेन, आणि मी स्वतः गिअरवाला माणूस आहे. नांगरट करायची असेल, तासन्‌तास एकाच वेगाने सरळ चालायचं असेल तर गिअर भारी, ताकद वाया जात नाही. पण झाडांभोवती गवत मारणं आणि लोडरने पुढे-मागे पुढे-मागे करणं यात दिवसाला शंभर वेळा क्लच दाबायला लागतो, हायड्रोत नुसता पाय हलवायचा.

एक चूक गाडी चालवणारे सगळे करतात, ती तुम्हीही करणार. चढ आला, ट्रॅक्टर दमला की पाय आणखी दाबतात. हायड्रोचा पेडल म्हणजे ॲक्सिलरेटर नव्हे, तो जास्त दाबलात की तुम्ही जणू वरचा गिअर टाकताय आणि इंजिन अजूनच गुदमरतं. तिथे पाय सैल सोडायचा, किंवा लो रेंज (कमी वेग, जास्त ताकद) टाकायची. इंजिनचा वेग हाताच्या थ्रॉटलने लावून ठेवायचा, पीटीओवर काम असेल तर ५४० च्या खुणेवर.

त्या ५४० वरून, मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. सैल बाही, ओढणी, मफलर, काही अडकलं तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर फुटलं तर तसंच चालवायचं नाही, आणि पात्यात गवत अडकलं की आधी पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात, मग खाली उतरायचं.

खुंट काढायची हौस सगळ्यांना येते. साखळी बांधायची तर खालच्या ड्रॉबारलाच (मागे ओढायसाठी असलेली लोखंडी पट्टी). टॉप लिंकच्या जागी किंवा एक्सलच्या वर कुठेही बांधली आणि खुंट हलला नाही तर ट्रॅक्टर स्वतःच्या मागच्या चाकांभोवती उलटा मागे येतो.

टायर विचारले नाहीत तुम्ही पण विचारायला हवे होते. शेतीचे खोल नक्षीचे चिखलात मस्त पण गवत उकरतात, लॉनचे रुंद बारीक नक्षीचे गवत सांभाळतात पण ओल्या उतारावर घसरतात, मधले इंडस्ट्रियल सगळं थोडं थोडं करतात आणि खडीवर कमी झिजतात. तुम्हाला मधले.

देखभाल फार नाही. पहिली सर्व्हिस बहुतेक ५० तासांना असते, ती चुकवू नका. लोडरच्या निपलांना नेमाने ग्रीस. आणि वाळलेलं गवत मारलं की रेडिएटरपुढची जाळी बघायचीच, गवताचं बी आणि भुसा तिथे गोधडीसारखा बसतो आणि टेंपरेचरचा काटा वर जातो. लोक थर्मोस्टॅट बदलत बसतात, जाळी कुणी बघत नाही.

ओसरीवरची

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांना थँक्यू. टेप घेऊन गेले होते. गेट नऊ फूट, त्याचं टेन्शन नाही, पण चिंच आणि विहिरीचा कठडा यात पाच फूट चार इंच भरलं. उतारही मोजला, दहा फुटी फळी धरून वर स्पिरिट लेव्हल ठेवली, खालच्या टोकाला एका जागी अडीच फूट अंतर आलं. हे चालेल का?

ग्रीसचे_हात

दहाला अडीच म्हणजे साधारण १४ अंश. कोरडं असताना सरळ वर-खाली जा, आडवं अजिबात चालू नकोस, आणि ओलं असेल तर ट्रॅक्टर तिकडे नेऊच नको. तेवढ्या पट्ट्याला ब्रश कटरच ठेव, खांद्याला सांग थोडंच आहे. चिंचेपाशी ट्रॅक्टरची रुंदी टायरच्या बाहेरून मोज आणि बकेट, स्लॅशर दोन्हीची वेगळी, कारण बकेट सहसा टायरपेक्षा रुंद असते.

ओसरीवरची

बकेटचं लक्षातच नव्हतं आलं. उद्या एक २४ एचपीचा हायड्रो बघायला जातेय, वापरलेला आहे, मीटरवर ४१० तास. काय बघू?

माळावरचा_मेकॅनिक

आधीच सांगून ठेवा की इंजिन गरम करून ठेवू नका, गार सुरू होताना ऐकायचंय. अवजार उचलून इंजिन बंद करा, दहा मिनिटं गप्पा मारा आणि मग बघा किती खाली आलंय. पुढच्या एक्सलच्या सीलला तेलाचा ओलावा आहे का हात फिरवून बघा. आणि फ्लोअरचा रबर मॅट उचला, ४१० तासांचा ट्रॅक्टर असेल तर पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं नसतं.