ढोल जोरात वाजतो, पण स्टँड गात नाही. काय करायचं?

तिसरी_पायरी

नमस्कार मंडळी. आमचा वीसेक पोरापोरींचा गट आहे. सगळ्यात धाकटी चौदाची, सगळ्यात मोठा मी, एकोणीस पूर्ण. आमच्या फुटबॉल क्लबच्या सामन्याला गोलपोस्टमागच्या स्टँडमध्ये उभं राहून आम्ही गातो, वाजवतो. एक मोठा ढोल, दोन ताशे, एक लांब भोंगा आणि दोघातिघांकडे शिट्ट्या.

सुरुवातीची दहा मिनिटं अंगावर काटा येतो, मग सगळं विस्कटतं. उजव्या टोकाची पोरं गाण्यात मागे पडतात, डावीकडची पुढे निघून जातात आणि मधेच ढोलाचा वेग वाढतो. मध्यंतरापर्यंत निम्म्यांचे घसे बसलेले असतात. गोल खाल्ला की सगळं ठप्प. मागच्या सामन्यात ०-२ झाल्यावर कुणी तोंडच उघडलं नाही. मी एकटा वाजवत राहिलो. पुढच्या रांगेतले एक आजोबा मागे वळले आणि म्हणाले, "बाळा, हे कुणासाठी चाललंय?" रागावून नाही, अगदी शांतपणे विचारलं त्यांनी. मला उत्तर सुचलं नाही.

ढोल नेमका कुठे ठेवायचा? ठेका किती जलद असावा? आणि आमच्या गटात नसलेली, नुसती सामना बघायला आलेली माणसं गायला कशी लागतील? आम्हाला या टीमबद्दल खरंच खूप वाटतं आणि ते मैदानात पोचावं एवढीच इच्छा आहे. जाणत्यांनी जरा सविस्तर सांगा.

ढोलामागे

तुझी पोस्ट दोनदा वाचली. स्टँडमध्ये ढोल वाजवण्यात माझी उमर गेलीय, त्यामुळे थोडं लांबण लागेल, वाचून घे.

टोकं मागेपुढे होतात त्यात पोरांचा काही दोष नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. गोलमागचा स्टँड ७० मीटर रुंद धरला आणि ढोल एका टोकाला असला, तर दुसऱ्या टोकाला त्याचा टोला ०.२ सेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला १२० ठोक्यांचा ठेका धरला तर दोन ठोक्यांमध्ये अर्धाच सेकंद असतो. म्हणजे तिकडचा पोरगा मन लावून, बरोबर ऐकून वाजवतोय आणि तरी जवळजवळ अर्धा ठोका मागे आहे. त्यात समोरच्या स्टँडवर आपटून परत येणारा आवाज अर्ध्या सेकंदाहून जास्त उशिरा कानावर पडतो, तो वेगळाच. ढोलवाला या सगळ्यांचं ऐकत बसला की मंदावतो, आणि अंगात आलं की धावतो.

म्हणून ढोल मधोमध आण. तेवढ्यानंच टोकांचा उशीर निम्मा होतो. दुसरं, लय कानांवर सोडू नकोस, डोळ्यांवर दे. एकानं कठड्याशी, मैदानाकडे पाठ करून, सगळ्यांना दिसेल असं उभं राहायचं. दोन्ही हात वर, ठोक्याला खाली. उजवं टोक आणि डावं टोक दोघांनाही तो हात एकाच क्षणी दिसतो. युरोपातल्या मोठ्या स्टँडांमध्ये हेच करतात, त्या माणसाला कापो म्हणतात. जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये सुमारे २५,००० माणसं उभी राहून गातात. एवढ्यांना ऐकून ऐकून एकत्र येणं जमणारच नाही. एक लक्षात ठेव, पाठ करून उभा राहणाऱ्याला सामना दिसत नाही. तो मोठा त्याग आहे, तो एकाच पोरावर लादू नका. मध्यंतराला माणूस बदला.

आता ठेका. तुम्ही नक्की खूप जलद वाजवत असणार, जोश असला की तसंच होतं. २०१६ च्या युरो स्पर्धेत आइसलँडनं इंग्लंडला २-१ नं हरवलं, तेव्हाची त्यांच्या प्रेक्षकांची टाळी पुन्हा एकदा बघ. ढोलाचे दोन टोले, मग हजारो हात डोक्यावर एकदम आपटतात आणि तोंडातून 'हू'. त्यानंतर भलीमोठी शांतता. पुन्हा दोन टोले. ती शांतताच सगळं करते, कारण नव्या माणसाला काय चाललंय ते बघून सामील व्हायला तेवढा वेळ मिळतो. पाठ करायला शब्द नाहीत, चाल चुकायची भीती नाही. मग हळूहळू अंतर कमी होत जातं आणि सगळे एकत्रच वर चढतात.

मोठा ढोल आणि ताशा यांची कामं वेगळी ठेवा. अर्जेंटिनातले पोरं जो मोठा ढोल वापरतात त्याच्यावर एक छोटी झांज बसवलेली असते. एका हातात गुंडाळलेलं टिपरू, दुसऱ्यानं झांज. ढोलाचा खर्ज छातीत बसतो, पण ठोका नेमका कधी पडला हे कानाला कळतं त्या झांजेच्या धारदार आवाजावरून. तुमच्या ताशांनी ते काम करायचं. सतत कडकडाट केला तर ठोकाच त्यात हरवतो. एक पोरगी अन् एक ताशा, ठोक्यावर ठोका, बास. आणि मोठा ढोल सगळ्यात ताकदवान पोराकडे देऊ नकोस, सगळ्यात स्थिर पोराकडे दे. आमच्याकडे एक मुलगी होती, गोल झाला तरी तिचा हात तसूभर इकडेतिकडे होत नसे. आजूबाजूला पोरं एकमेकांच्या अंगावर पडतायत, हिचे डोळे भरलेत, ओठ थरथरतायत आणि मनगट मात्र जिथल्या तिथे. तिच्या जिवावर आख्खा स्टँड गायचा.

माणसं गायला कशी लागतील, तर त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येऊ दे. आत्ता त्यांना फक्त तुमचा ढोल ऐकू येतो. म्हणून गाणं दोन ओळींचं ठेव, खालच्या पट्टीत उचल. उत्साहात कुणीतरी वरच्या पट्टीत सुरू करतो आणि मग निम्मी माणसं ओठ मिटून घेतात, ते आधी थांबव. एक गाणं सोडू नकोस. नवा माणूस तिसऱ्या-चौथ्या फेरीला तोंड उघडतो आणि तुम्ही तोवर दुसरं गाणं सुरू केलेलं असतं. आणि पाचव्या-सहाव्या फेरीला, सगळे रंगात असताना, ढोल एका ओळीपुरता पूर्ण थांबव. टिपरू वर धर, कापोचे हात पसरलेले. त्या एका ओळीत लोकांना कळतं की अरे, एवढा मोठा आवाज आपलाच आहे. पुढच्या ओळीला ढोल परत पडतो तेव्हा बघ काय होतं.

भोंगा घरी ठेव. २०१० च्या दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकात वुवुझेला, म्हणजे तिकडचा लांब भोंगा, सगळ्यांनी ऐकला. एकच सूर, नव्वद मिनिटं, त्याच्याखाली कुठलंही गाणं जगत नाही. युएफानं, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल संघटनेनं, त्याच वर्षी आपल्या स्पर्धांमध्ये त्यावर बंदी घातली, आणि प्रेक्षकांचं गाणं-ओरडणं त्यात बुडतं हे त्यांनी दिलेलं एक कारण होतं. याउलट स्पेनचा मानोलो बघ, १९८२ च्या विश्वचषकापासून कितीतरी वर्षं एकच मोठा ढोल घेऊन आपल्या संघामागे जगभर फिरला. २०२५ मध्ये गेला, पण स्पेनचा सामना म्हटलं की तो टोपीतला माणूस आणि तो ढोल आठवतोच. एक ढोल पुरतो.

उजवा_बॅक

खेळणाऱ्याच्या बाजूनं सांगतो. खालच्या डिव्हिजनमध्ये बरीच वर्षं खेळलो. मैदानात शब्द ऐकू येत नाहीत. तुम्ही माझं नाव घेऊन काय गाता ते मला नंतर व्हिडिओतच कळायचं. ठेका मात्र कळतो, पायात येतो. सत्तराव्या मिनिटाला धावत वर गेलो, बॉल गेला, आता साठ मीटर परत पळायचंय आणि छाती फुटायला आलीय, तेव्हा मागे ठेका चालू असला तर पाय उचलला जातो. हे मी अनुभवानं सांगतो.

आणि गोल खाल्ल्यावरची शांतता आम्हाला तुमच्या गाण्यापेक्षा जास्त ऐकू येते. बॉल मधल्या वर्तुळात नेताना सगळ्यांची मान खाली, गोलकीपर एकटाच गोलमध्ये. त्याच्या मागेच तुम्ही उभे असता, त्याच्यापासून दहा-पंधरा मीटरवर. तेव्हा मागून त्याच्या नावाचं गाणं आलं तर तो माणूस पुन्हा उभा राहतो. ०-२ ला तू एकटा वाजवत होतास ना, ते वाया गेलेलं नाही. फक्त पुढच्या वेळी ढोलाऐवजी गळा आधी येऊ दे.

अजून एक. कॉर्नरला आम्हाला एकमेकांना सांगायचं असतं, कुणी कुणाला धरायचं. आपल्या गोलसमोर कॉर्नर असेल तर ढोल थांबवा. गोलकीपर ओरडतो ते बचावपटूंना ऐकू जाऊ दे.

कानांची_डॉक्टर

सगळे घशाबद्दल बोलतायत, कानांबद्दल कुणी नाही, म्हणून लिहिते. ८५ डेसिबल आवाजात आठ तास, ही कामाच्या ठिकाणची सर्वसाधारण सुरक्षित मर्यादा मानतात. दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. ढोलाच्या अगदी शेजारी उभं राहणारी पोरं याच्या वर सहज जातात, आणि सामना तर नव्वद मिनिटांचा. सामन्यानंतर रात्री कानात शिट्टी वाजल्यासारखं होत असेल तर कानानं इशारा दिलाय असं समजा.

वाजवणाऱ्यांनी आणि त्यांच्या आसपासच्या दोन रांगांनी फोमचे इअरप्लग घालायचे. ते नीट आत बसले पाहिजेत: दोन बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वरच्या बाजूला ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचे. ठेका तरीही ऐकू येतो, खर्ज तर अंगालाच जाणवतो. तुमच्या त्या चौदा वर्षांच्या मुलीला आधी द्या. कुणी अगदी लहान मूल घेऊन शेजारी उभं राहिलं तर त्यांना प्रेमानं लांबची जागा दाखवा.

घसा बसतो तो ओरडल्यानं. खालच्या पट्टीचा वर दिलेला सल्ला घशासाठीही योग्य आहे. पाणी घोट घोट, सुरुवातीपासून. आणि आवाज बसला असेल त्या दिवशी गायचं नाही, हातांनी साथ द्यायची. कुजबुजून बोलणं म्हणजे विश्रांती असं अनेकांना वाटतं, त्यानंही बसलेल्या घशावर ताण येतो.

मधली_रेषा

मी रेफरी आहे. शिट्ट्या ताबडतोब बंद करा. स्टँडमधल्या शिट्टीनं खेळात अडथळा आला तर फुटबॉलच्या नियम पाचप्रमाणे मला खेळ थांबवावा लागतो आणि ड्रॉप बॉलनं, म्हणजे मी बॉल हातातून खाली सोडून, पुन्हा सुरू करावा लागतो. तुमचाच फॉरवर्ड एकटा पुढे निघालेला असेल, बचावपटू शिट्टी ऐकून थांबले, तर तो हल्ला गेला.

दुसरी गोष्ट गाण्यांची. समोरच्या खेळाडूची जात, रंग, आई-बहीण यांच्यावर एक शब्दही नको. फिफाची तीन पायऱ्यांची पद्धत आहे: आधी खेळ थांबवून सूचना, मग खेळाडूंना आत पाठवून सामना स्थगित, तरी ऐकलं नाही तर सामना रद्द. पण नियम बाजूला ठेवा. मी त्या खेळाडूंचे चेहरे जवळून बघितलेत. तुमच्यातल्या धाकट्यांना ही गोष्ट कापोनं पहिल्याच दिवशी सांगायला हवी, कारण ती पोरं मोठ्यांचं बघून गातात. मुलींनाही निर्धास्त उभं राहता येतं ते अशाच स्टँडमध्ये.

बाकी, समोरच्या संघाचा खेळाडू जखमी होऊन पडला की ढोल थांबवणारे गट मला माहीत आहेत. त्यांच्याबद्दल मनात कायम आदर असतो.

तिसरी_पायरी

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, इअरप्लग आजच मागवतो. रेफरीसाहेब, शिट्ट्या जमा केल्या. ढोलामागे काका, दोन गोष्टी राहिल्या. गोल खाल्ल्यावर नक्की काय क्रमानं करायचं? तेव्हा माझे हातच चालत नाहीत. आणि आमचा ढोल दमट हवेत अगदी बद्द वाजतो.

ढोलामागे

हात चालत नाहीत हे बरोबरच आहे, तुझं प्रेम आहे म्हणून तसं होतं. त्या वेळी ढोलाकडे जाऊच नकोस. क्रम आधीच ठरवून ठेवा, त्या क्षणी विचार करायची वेळ येऊ द्यायची नाही. बॉल जाळ्यातून काढून मधल्या वर्तुळाकडे जाईपर्यंत शांत राहा, लोकांना हळहळू दे. मग कापो दोन्ही हात वर करतो आणि तुमच्यातला सगळ्यात भरदार आवाजाचा पोरगा गोलकीपरचं नाव घेतो, एकदाच. बाकीचे उत्तर देतात, ढोलाशिवाय. तीन वेळा. चौथ्याला ढोल येतो, अगदी संथ. तोवर खेळ सुरू झालेला असतो. ०-१ ला जे गाणं म्हणाल तेच ०-३ ला म्हणा. ते सामन्याआधी मोकळ्या जागेत उभं राहून म्हणून बघा, म्हणजे अंगवळणी पडेल.

ढोलाचं पान चामड्याचं असेल तर दमट हवेत ते सैल पडणारच. निघायच्या आधी दोऱ्या समोरासमोरच्या जोडीनं ताण, एकाच बाजूनं ओढत गेलास तर पान तिरकं बसतं. टिपरूनं कडेकडेनं हलकेच टोकून बघ, सगळीकडे सारखा स्वर आला की झालं. उन्हात ताणलेला ठेवून जाऊ नकोस, फाटतं. सामना झाला की दोऱ्या सैल कर. आणि प्लास्टिकचं पान घालायला कमीपणा मानू नकोस. खर्ज थोडा कमी येतो, पण पावसातही नव्वद मिनिटं टिकतं. टिपरूच्या टोकाला जुन्या टॉवेलची पट्टी घट्ट गुंडाळ, टोला गोल येईल आणि पुढच्या रांगेतल्यांच्या कानशिलावर तो खट्ट आवाज बसणार नाही. ढोलाचं तोंडही त्यांच्या डोक्यापेक्षा वर येईल असं ठेव.